सानिकासाठी मोरी ठेव

नाटे
१८ नोव्हेंबर २०२४

सानिकाबाय,

तुझा चुलतभाऊ दर्शन काल बर्फाचा टेम्पो घेऊन आला आणि खाली उतरायच्या आधीच ओरडला की सानिकाला मुलगी झाली. मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे, तरी ओरडला. म्हणजे माझ्याआधी सगळ्या बंदराला कळलं. मग माझ्यासमोर येऊन त्याने दोन्ही हात पाळण्यासारखे हलवले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या आप्पाआजोबांनी हातातलं जाळं ठेवलं आणि देवापुढे साखर ठेवली. मी नाही ठेवली. मला आधी विचारायचं होतं, पोर पितंय का.

फोन करू नकोस. फोनवर मला नुसता वारा ऐकू येतो. मग शेजारची शमिका फोन घेते, तू तिला सांगतेस, ती मला ओरडून सांगते, आणि पाणंदीतली चार घरं जेवता जेवता तुझं बाळंतपण ऐकतात. मी तिसरीपर्यंत शिकले ते कधीतरी कामाला यावं. दर्शन जाताना मासळी नेतो, येताना बर्फ आणतो, त्याच्या सीटखाली पत्राला जागा आहे. त्याला वाचायचा कंटाळा, म्हणून तो बरा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तुझी आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मी. सातव्या महिन्यात तू म्हणालीस, आजी, तिकडे रक्ताची सोय नाही, मी रत्नागिरीतच राहते. तू नर्स, मी कोण. पण खरं सांगू, मला वाटलं की इथल्या सुकटीचा वास आता तुला सोसत नाही.

पिशवीत हळिवाचे लाडू आहेत आणि डिंकाचे. हळिवाचे आधी खा. मध चाटवला का म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षी इथल्या अंगणवाडीत सगळ्या बायकांसमोर तू माझी गुटीची सहाण उचलून फळीवर ठेवलीस आणि म्हणालीस, सहा महिने आईचं दूध, पाण्याचा थेंब नाही, मध नाही, गुटी नाही, डब्याचं दूध तर नाहीच. माझं तोंड एवढंसं झालं होतं. तेव्हा ते तुझं तूच पाळशील.

दूध कसं येतंय ते लिही. बारसं कधी ते लिही. मी येणार.

तुझी आजी
मथुरा


रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २०२४

आजी,

नमस्कार. लाडू मिळाले. बाळ छान आहे. मी ठीक आहे. थोडा अशक्तपणा आहे, तो असायचाच.

सुकटीच्या वासाचं काय लिहितेस? मोठा दवाखाना जवळ हवा होता, बाकी काही नाही. आणि जवळ होता ते बरंच झालं.

बारसं इतक्यात करत नाही. स्वरूपचं जहाज जानेवारीत लागेल, बाळाचा बाबा घरी आला की बघू. तोपर्यंत तू येऊ नकोस. एवढा प्रवास, तोही बर्फाच्या टेम्पोतून. शिवाय बाळाला बाहेरच्या माणसांचा संसर्ग नको, म्हणून मी सध्या भेटायला येणाऱ्या सगळ्यांनाच नाही म्हणते. दर्शनलाही पिशवी दारात ठेवून जायला सांगितलं आहे.

सासूबाई सगळं करतात. काळजी करू नकोस.

आप्पांना नमस्कार.

सानिका


नाटे
२८ नोव्हेंबर २०२४

सानिकाबाय,

तुझं पत्र बर्फाच्या पाण्याने भिजून आलं. काही शब्द पसरले. पण जे वाचता आलं त्यातही काही नव्हतं.

बाहेरच्या माणसांचा संसर्ग. मी बाहेरचं माणूस झाले हे मला पत्राने कळलं. तुला मी काखेत घेऊन मासळी विकली आहे, तेव्हा कुठे गेला होता तुझा संसर्ग?

दूध कसं येतंय म्हणून विचारलं होतं, त्यावर एक अक्षर नाही. शाळेत गणित आलं नाही की तू अशीच पान उलटून पुढचं लिहायचीस.

दर्शन तू सांगितलं तसं दारात पिशवी ठेवून निघाला. पण त्याचं कुतूहल मोठं, त्याने खिडकीतून आत पाहिलं. तुझी सासू मांडीवर पोर घेऊन वाटीतून चमच्याने काहीतरी पाजत होती. आणि पोराचे पाय, तो म्हणाला, वाळत घातलेल्या बोंबलासारखे. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण ते पाय काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता मला सांग, तुझी सासू पोरीला वरचं दूध पाजते आणि नर्स असून तू बघत बसतेस? तिला मुलगा हवा होता का? मुलगी झाली म्हणून तुला जेवायला देत नाही का? तसं असेल तर तिच्या तोंडाला लागायला मी आहे. मला तिचं उत्तर ऐकू येणार नाही, म्हणजे भांडण मीच जिंकणार.

खरं काय ते लिही. नाहीतर मी बर्फाच्या लादीवर बसून येते.

आजी


रत्नागिरी
३ डिसेंबर २०२४

आजी,

सासूबाईंना काही बोलू नकोस. बाळ आज आहे ते त्यांच्यामुळे.

बाळंत झाल्यावर मला फार रक्त गेलं. बाहेरून रक्त चढवावं लागलं. अशा बाईला दूध उशिरा येतं, कधी कमीच येतं. हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. घरी आल्यावर बाळ सतत छातीशी असायचं आणि सतत रडायचं. सासूबाई म्हणायच्या, पोर उपाशी आहे गो. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय कळतं, दूध नाही अशी आई नसते. हेच मी दवाखान्यात बायकांना रोज सांगत आले.

मग बाळ रडायचं थांबलं. मला बरं वाटलं, आजी. मला वाटलं, पोट भरलं. लंगोट सकाळचा तसाच कोरडा होता. डोळे उघडत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं बाळ असं दिसतं तर मी तिच्या हातातून ओढून घेऊन धावले असते. मला सगळं दिसत होतं. पण नेलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, दूध येत नाही का सिस्टर? त्या एका प्रश्नाला भिऊन मी पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिले.

सासूबाईंनी मला विचारलंच नाही. बाळ शालीत गुंडाळलं, खाली गेल्या आणि रिक्षा थांबवली. मी त्यांच्यामागून गाऊनवर पळाले.

सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आधी छातीला लावा, मग डब्याचं दूध मोजून वाटी-चमच्याने द्या. आणि म्हणाले, पुढचं तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर. ते साधेपणाने म्हणाले. मी मान वर केली नाही.

आता बाळ बरं आहे. वजन हळूहळू चढतंय. माझं थोडं येतं, बाकी डब्याचं. डबा सासूबाई लांब मारुती मंदिराकडच्या दुकानातून आणतात, इथल्या दुकानातून नाही. तांदळाच्या पिंपात ठेवलाय.

तुला अजून एक सांगायचं आहे. इथे मिरकरवाड्यात नम्रता म्हणून एक आहे. पावसाळ्यात जाळी शिवते, बंदर सुरू झालं की कोळंबी निवडते. जुलैमध्ये ती मुलाला लस द्यायला आमच्या दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हातात दुधाची बाटली होती. मी सगळ्या रांगेसमोर ती बाटली तिच्या हातातून घेतली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. वर म्हटलं, जाळी शिवायला वेळ आहे, पोराला छातीशी धरायला नाही. बायका हसल्या. तिने मुलाची मांडी उघडी करून माझ्यापुढे धरली. मी सुई दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

आता चमचा हातात घेतला की ती बादली दिसते.

कोणाला सांगू नकोस. आप्पांनाही नको. बंदरावर कळलं तर त्या दवाखान्यात मी पुन्हा पाय ठेवू शकणार नाही.

सानिका


नाटे
६ डिसेंबर २०२४

सानिकाबाय,

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. आप्पांनी विचारलं, काय लिहिलंय, मी म्हटलं, रत्नागिरीत थंडी आहे.

तुझ्या सासूबद्दल जे लिहिलं ते मी परत घेते. मी काय लिहिलं होतं ते तिला सांगू नकोस. परत घेतलं तेवढं पुरे.

रडत असशील तर रडणं बंद कर. रडून डोळे सुजतात, दूध येत नाही. त्या नम्रताशी तू वाईट वागलीस, त्याचं मी काही गोड करून सांगणार नाही. तू अशी बोलायला कुठे शिकलीस ते मला माहीत आहे, त्याचं खापर दवाखान्यावर फोडता येणार नाही.

गाईचं दूध पाणी घालून दे असं लिहिणार होते, पण तू परत सगळ्यांसमोर झापशील. तुझा डॉक्टर सांगेल ते पोरीला दे. पोरीच्या पोटाचं मी काही सांगत नाही. पण तुझ्या पोटाचं माझं ऐक. मोरी मासा खा. लहान पिलू बघून, आलं, लसूण, मिरी जास्त, तिखट कमी. आपल्या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध नसलं की तिला मोरी मासाच घालतात, दुसरं काही विचारत नाहीत. तुझ्या पुस्तकात मोरी नसेल. ज्याने पुस्तक लिहिलं त्याने समुद्र पाहिला नसेल.

तू काळजी करू नकोस, मी कोणालाही सांगितलं नाही. आप्पांना नाही, शमिकाला नाही. फक्त दर्शनला म्हटलं, मिरकरवाड्यात लिलावावर सखू असते तिला निरोप दे, सानिकासाठी मोरी ठेव, लहान बघून, ताजी असेल तेव्हा घरी पोचव. सखू माझ्या माहेरची, भरवशाची बाई. तिला सांगितलं म्हणजे काम झालंच.

मोरीचं पाणीही टाकू नकोस, पी.

आजी


रत्नागिरी
१४ डिसेंबर २०२४

आजी,

तुझं काम झालं.

सखूमावशी टोपली घेऊन आल्या. खालून हाक मारली, नर्सबाई, तुमच्या दुधाची मोरी आली. तीन मजल्यांनी ऐकलं. मी दार उघडलं नाही, तर त्यांनी पिशवी कडीला अडकवली. दोन दिवसांनी परत तेच. या गल्लीत बाळंतिणीच्या दाराला मोरी लटकली की काय ते कोणी विचारत नाही. पाटीच असते ती.

दवाखान्यातली माझ्याबरोबरची सिस्टर येऊन गेली. अगं, आधी सांगायचंस, असं म्हणाली. तिला वाईट वाटलं असेल, खोटं नाही बोलली. पण मी तिच्यासमोर पोरीला दूध पाजू शकले नाही. पोर रडत राहिलं आणि मी तिला चहा विचारत राहिले. ती गेल्यावर सासूबाईंनी वाटी आणली.

काल सासूबाई दुकानातून आल्या आणि काही बोलेनात. मी खोदून विचारलं. तिथे दोघी म्हणत होत्या, बाटल्या फेकणारीचं आटलं.

तू लिहितेस, कोणालाही सांगितलं नाही. तू दर्शनला सांगितलंस. दर्शनने सखूमावशींना लिलाव चालू असताना सांगितलं. मी तुला एकच गोष्ट मागितली होती.

बाळाचा दीड महिन्याचा डोस आता जवळ येतोय. तो मी या दवाखान्यात देणार नाही. त्या बाकावर मी बसणार नाही. स्वरूप आला की कुठेतरी लांब नेऊ. उशीर झाला तर झाला.

मोरी बंद कर. आणि आता मला पत्र लिहू नकोस.

सानिका


नाटे
३० डिसेंबर २०२४

सानिकाबाय,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. वाटलं तर वाचू नकोस. पण कागद ओलं पुसायला घेऊ नकोस, शाई कपड्याला लागते.

मी परवा येऊन गेले ते तुला माहीत आहे. त्याच्या आधी कुठे गेले ते माहीत नाही, म्हणून लिहिते.

दर्शनच्या शेजारी बसून आले. आधी बंदरावर उतरले, सखूची हाडं मोडायला. रस्ताभर काय काय बोलायचं ते मनात जुळवत आले होते. ती लिलावात उभी होती. मी गेले आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं, की माझ्या नातीची अब्रू तू टोपलीत घालून गावभर फिरवलीस. सखू काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मग ती माझ्या कानाशी आली आणि ओरडली, तूच सांगून पाठवलंस मथुरे, सानिकासाठी मोरी ठेव. बाळंतिणीच्या दुधासाठीच ना ती? मी काय चोरी समजू? मी गिऱ्हाईक सोडून चांगली पिलं तुझ्या नातीसाठी बाजूला काढली.

कानाशी ओरडली म्हणजे सगळ्या लिलावाने ऐकलं. म्हणजे ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांनाही कळलं, आणि ते सांगायला मी नाट्याहून आले होते. लिलाव थांबला होता. माझ्या पायांखालून मासळीचं पाणी वाहत होतं आणि चपला त्यात रुतल्या होत्या. मला हलता येईना. आयुष्यात मी पुष्कळ जणींना खाली बघायला लावलंय. खाली काय दिसतं ते परवा पाहिलं.

तिथे एक बाई कोळंबी निवडत होती. हात न थांबवता माझ्याकडे बघत होती. मग उठली, हात पुसला, आणि मला बाजूला ओट्यावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. माझ्याकडे तोंड करून हळू बोलली, म्हणून मला ओठांवरून समजलं. म्हणाली, तुम्ही नर्सबाईच्या आजी ना. मी नम्रता.

सानिका, मी ते पाणी तसंच खाली ठेवलं.

मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. तिला छातीत गळू झालं होतं. चिरा द्यावा लागला. दुसऱ्या बाजूचं पुरत नव्हतं, म्हणून बाटली. मी म्हटलं, मग बाय, तेव्हा तसं सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे बघत म्हणाली, "रांगेत?"

तेवढंच म्हणाली आणि परत कोळंबीकडे गेली.

मी तुझ्या वतीने तिला काही बोलले नाही. माझ्या जिभेवर होतं, की माझी नात पस्तावली आहे, तिला सोड. पण तुझं बोलणं मी बोलून टाकलं तर ते परत मोरीसारखंच झालं असतं.

मग तुझ्या घरी आले. तुझ्या सासूने दार उघडलं, तू आतल्या खोलीचं लावून घेतलंस. बरोबर केलंस, मीही लावलं असतं. सासूने पोर माझ्या मांडीवर दिलं आणि वाटी-चमचा हातात दिला. मी चमचा तोंडात ओतत होते, पोरीला ठसका लागला. तुझ्या सासूने माझा हात धरला आणि दाखवलं, चमचा ओठाला टेकवून थांबायचं, ओढायचं ते पोर ओढतं. एवढी म्हातारी झाले, आणि थांबायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. मी थांबले. तिने ओढलं. तिचे पाय पाहिले. बोंबील नाहीत. दर्शनला परत एक धपाटा घालणार आहे.

तू आतून काही बोललीस का, रडलीस का, मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही. तुझी सासू सारखी त्या दाराकडे बघत होती, त्यावरून वाटलं, काहीतरी ऐकू येत असावं. मी दारावर हात ठेवला होता थोडा वेळ. ते तुला दिसलं नसेल.

सखूला मोरी बंद करायला सांगितलंय. ते हळू सांगितलं.

डोस चुकवू नकोस. माझ्या तोंडाची शिक्षा पोरीला नको. मला हवी तेवढी दे.

आजी


रत्नागिरी
९ जानेवारी २०२५

आजी,

पत्र वाचलं. तू दारावर हात ठेवला होतास ते मला दिसलं होतं. दाराच्या फटीतून बोटं दिसत होती. मी उघडलं नाही. मला तुझा राग आला होता हे खरं, पण उघडलं नाही ते रागामुळे नाही. तू माझ्याकडे बघशील म्हणून.

काल बाळाला डोस दिला. आमच्याच दवाखान्यात.

डबा, थर्मास आणि वाटी मी पिशवीत घातली होती. जिन्यात आले आणि डबा बाहेर काढून हातात धरला. सासूबाई म्हणाल्या, असू दे की पिशवीत. मी म्हटलं, पिशवीत ठेवला तर तिथे काढायचा धीर होणार नाही.

रांगेत बसले. त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. त्याची एक फळी टोचते, बायका त्याबद्दल किती वेळा सांगायच्या आणि मी ‘बघू’ म्हणायचे. सगळ्या माझ्या ओळखीच्या, आणि सगळ्या डब्याकडे बघून मग दुसरीकडे बघत होत्या. कान तापले होते. नम्रता माझ्यानंतर होती, तिच्या मुलाला नऊ महिन्यांची लस होती.

सुई दिल्यावर परत बाकावर येऊन बसले, बाळ खूप रडत होतं. छातीला लावलं, थोडं प्यायली आणि मग ओढूनही येईना, तशी परत रडायला लागली. मी वाटी काढली. अर्धी पावडर ओढणीवर सांडली. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं शांत झालं होतं.

नम्रता सरकून माझ्या शेजारी आली. वाटीत बघत म्हणाली,

"पाणी उकळलंय ना, सिस्टर?"

हे मी विचारते, आजी. रोज, प्रत्येकीला, मान वर न करता. मी हो म्हटलं. ती म्हणाली, वाटी? मी म्हटलं, तीपण. मग तिने मुलाला एका मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या बाळाची टोपी मागे सारली, ती डोळ्यांवर आली होती. आणि म्हणाली,

"तेव्हा मला एवढंच विचारायचं होतंस."

मी म्हटलं, माझं चुकलं. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात आलं. मग परत म्हटलं, शेवटच्या बाईपर्यंत जाईल असं. बाटली काही हळू टाकली नव्हती.

नम्रता काही बोलली नाही. हो नाही, असू दे नाही. तिचं नाव पुकारलं, ती उठून आत गेली. येताना माझ्याकडे न बघता निघून गेली. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. पण पोर पूर्ण वाटी प्यायली, सगळ्यांसमोर, आणि मी तिला नीट पाजलं.

डबा आता ओट्यावर असतो. तांदळाला दुधाचा वास लागला म्हणून सासूबाई चार दिवस कुरकुरत होत्या, तेही मिटलं.

स्वरूप वीस तारखेला येतोय. बारसं सव्वीसला. तू ये.

सानिका


नाटे
१३ जानेवारी २०२५

सानिकाबाय,

येते. दर्शन म्हणाला, आजी, पुढच्या सीटवर गादी टाकतो. धपाटे खाऊन सुधारला.

नम्रताला बारशाला बोलाव. तू स्वतः जाऊन बोलाव, निरोप पाठवू नकोस. निरोपाचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. ती येणार नाही असं मला वाटतं. तरी बोलाव. आणि आली नाही तर का आली नाही असं कोणाला विचारत बसू नकोस. तिने तुला माफ करावं असं तिच्यावर बंधन नाही. तो बाक मात्र नीट करून घे, सुतार मिळत नसेल तर आप्पांना खिळे घेऊन पाठवते.

मी येऊन काय करणार ते आधी लिहिते, म्हणजे तुला धसका नको. गुटीची सहाण आणणार नाही. मध आणणार नाही. कोणाला डब्याबद्दल सांगणार नाही, आणि कोणी विचारलं तर तुझ्याकडे बोट करेन, तू काय ते सांग. तुझ्या सासूसाठी लुगडं घेतलंय. कशासाठी ते तिला माहीत नाही, आणि कळायची गरज नाही.

काल सखूने दर्शनकडून विचारलं, बारशाच्या आधी मोरी ठेवू का, आता मोठी पिलं येतायत. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. म्हटलं, तिला विचारल्याशिवाय काही ठेवायचं नाही. तेव्हा तुला हवी असेल तर चिठ्ठी दे. नको असेल तर गप्प राहा, मी समजेन.

बोलता बोलता एखादं तोंडातून गेलं तर पदर ओढ. माझी सवय एका महिन्यात सुटायची नाही.

आणि तुला परत आतल्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं तर बस. मी हाक मारणार नाही. फक्त दार लावू नकोस, मला आतलं ऐकू येत नाही. दिसायला हवं.

आजी